वसाहतीच्या उद्यानातील खेळाच्या मैदानाचे नूतनीकरण : रहिवाशांचे म्हणणे अंदाजपत्रकात कसे उतरवावे?

प्रश्नकर्ता (लातूर जिल्हा) :
नमस्कार. आमच्या वसाहतीच्या ले-आउटमध्ये सोडलेल्या सुमारे बारा गुंठे मोकळ्या जागेवर पंधरा वर्षांपूर्वी उद्यान झाले. आज तेथील घसरगुंडीचा पत्रा फाटला आहे, एका झोक्याची साखळी कोणीतरी काढून नेली आहे आणि पावसाळ्यात काळ्या मातीचा इतका चिखल होतो की दिवाळीपर्यंत मुले तिकडे फिरकत नाहीत. यंदा नूतनीकरणासाठी निधी मिळण्याची शक्यता असून रहिवाशांनी आपल्या सूचना लेखी द्याव्यात असे आम्हाला सांगण्यात आले आहे. त्याप्रमाणे रविवारी सकाळी अकरा वाजता बैठक घेतली. बावीस जण आले, त्यांत महिला तीन. ओपन जिम, लॉन, कारंजे आणि प्रवेशद्वारावर कमान अशा मागण्या निघाल्या. मुलांचा विषय सगळ्यांत शेवटी, लोक चपला शोधू लागल्यावर निघाला. ज्यांचे मैदान आहे त्यांचे म्हणणे कसे जाणून घ्यावे?

शिक्षिका, परभणी :
बैठकीची वेळच चुकली, असे मला वाटते. रविवारी अकराला घरातील बाई स्वयंपाकघरात असते आणि मुले क्रिकेटला गेलेली असतात. महिलांना बोलावण्यापेक्षा आपणच बचत गटाच्या मासिक बैठकीत पंधरा मिनिटे मागून घ्यावीत.

मुलांना ‘काय हवे?’ असे विचारू नये. टीव्हीवर पाहिलेली खेळणी तेवढी सांगितली जातात. आमच्या शाळेच्या मैदानाच्या वेळी आम्ही फरशीवर खडूने मैदानाचा मोठा नकाशा काढला आणि प्रत्येक मुलाला पाच चिंचोके व पाच खडे दिले : जिथे खेळायला आवडते तिथे चिंचोका, जिथे जावेसे वाटत नाही तिथे खडा. सहावी-सातवीच्या मुलींचे जवळजवळ सगळे खडे फाटकाजवळ पडले. विचारल्यावर कळले की तिथे मोटारसायकली लावून मोठी मुले बसलेली असतात, म्हणून मुली आतच येत नाहीत. झोके कितीही नवे आणले असते तरी त्यांच्या उपयोगाचे नव्हते. आम्ही फाटक रस्त्याच्या दर्शनी बाजूला हलवले आणि वाहने लावण्याची जागा दूर नेली. मोठ्यांच्या बैठकीत हा मुद्दा कोणाच्याही तोंडून निघाला नव्हता.

निवृत्त शाखा अभियंता, नांदेड :
ताईंचे म्हणणे पटले. मी जमिनीबद्दल सांगतो, कारण मराठवाड्यात उद्यानातील बरीचशी कामे तिथेच फसतात. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. खेळण्याचे खांब त्या थरातच काँक्रीट भरून रोवले, तर दोन-तीन वर्षांत ते कलतात आणि मग खेळणे निकृष्ट होते असा बोभाटा होतो. पाया शक्यतो खालच्या मुरमापर्यंत न्यावा, खेळण्याच्या जागेपुरती काळी माती काढून मुरमाचा भराव दाबून घ्यावा आणि पाण्याला बाहेर जायला उतार द्यावा. हे काम उद्घाटनाच्या दिवशी कोणाला दिसत नाही, म्हणून निधी अपुरा पडला की पहिली कात्री याच कामाला लागते.

खेळण्याखाली पेव्हर ब्लॉक किंवा काँक्रीट अजिबात नको. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या मार्गदर्शिकेनुसार ९ इंच दाबलेली वाळू सुमारे ४ फूट उंचीवरून पडणाऱ्या मुलाला सावरू शकते. खेळण्याभोवती किमान ६ फूट जागा मोकळी हवी आणि झोक्याच्या पुढे-मागे तर आडव्या दांड्याच्या उंचीच्या दुप्पट. बारा गुंठ्यांत हे हिशेब मांडले की खेळण्यांची यादी आपोआप लहान होते. आपल्याकडे वैशाखात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा पत्र्याच्या घसरगुंडीवर बसवत नाही, म्हणून ती झाडाच्या सावलीत किंवा उतरण उत्तरेकडे ठेवून बसवावी.

सूचना मात्र निविदा निघण्यापूर्वी द्याव्यात. कार्यादेश निघाल्यावर दिलेले निवेदन फायलीला लागते, कामाला लागत नाही. अंदाजपत्रक व नकाशाची प्रत दाखवली नाही, तर माहिती अधिकार कायदा, २००५ खाली अर्ज करता येतो आणि त्यावर साधारणपणे ३० दिवसांत माहिती द्यावी लागते. तेवढे दिवस हाताशी ठेवूनच कामाला लागावे.

रहिवासी, छत्रपती संभाजीनगर :
वाळूबाबत माझे मत वेगळे आहे. आमच्या वसाहतीत वाळू टाकली आणि महिनाभरात भटक्या कुत्र्या-मांजरांनी तिची जी दशा केली, ती पाहून आयांनी मुलांना पाठवणे थांबवले. रोज दाताळे फिरवणारा माणूस नसेल तर वाळू नको. लॉनचाही विचार सोडावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या जिल्ह्यात हिरवळीवर पाणी फवारणे शोभत नाही. त्या पाण्यावर चार कडुनिंब जगतील आणि दहा वर्षांनी सावलीची मागणी कोणाला करावी लागणार नाही.

ज्येष्ठांना विरोधक समजू नका, एवढी विनंती. त्यांना कारंजे नको असते, टेकायला पाठ असलेला बाक हवा असतो. तो मुलांच्या खेळण्यांसमोर सावलीत ठेवला की राखणही होते. मोटारसायकली अडवायला जे फिरते फाटक लावतात त्यातून चाकाची खुर्ची जात नाही, तेही पाहावे.

निवृत्त शाखा अभियंता, नांदेड :
वाळूचा आक्षेप रास्त आहे. देखभालीला माणूस मिळत नसेल, तर रबराच्या फरशा हा पर्याय आहे. खर्च वाढेल आणि त्या उन्हात तापतात, म्हणून सावली आधी. नाहीतर खेळणीच कमी उंचीची घ्यावीत.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे आभार. काल संध्याकाळी मैदानात खडूने नकाशा काढून पाहिला. एकतीस मुले आली. सर्वाधिक चिंचोके घसरगुंडीवर किंवा झोक्यावर नव्हे, तर कोपऱ्यात पडून असलेल्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर पडले. मूळ नकाशात तो ढिगारा हटवायचा होता. आता तो मातीचा छोटा टेकाड म्हणून ठेवता येईल का, असे पत्र तयार करतो आहे. अभियंता साहेब, त्याच्या उताराचे प्रमाण किती ठेवावे, तेवढे कृपया कळवावे.