नायकाचा दारुडा बाप आणि त्याची माफी
न्यू अ‍ॅडल्ट प्रेमकादंबऱ्यांत नायकाचा दारुडा बाप येतो तो फक्त नायकाच्या रागाला माफी मिळावी म्हणून, असं म्हटलं जातं, ते अगदी पटतं. पण मला त्याहून जास्त खटकतं ते घराचं गायब होणं.

न्यू अ‍ॅडल्ट हा प्रकार २००९ मध्ये अमेरिकेतल्या सेंट मार्टिन्स प्रेसने पुढे आणला, अठरा वर्षांपुढच्या तरुण वाचकांसाठी. तिथल्या नायिका बहुधा कॉलेजसाठी घर सोडून आलेल्या, त्यामुळे घरचं दुःख आठवणींत सांगून भागतं. आपल्या नागपुरात कसं भागेल? फुटाळा तलावावर नायकाशेजारी बसलेली पोरगी आठच्या आत महाल भागातल्या घरी पोचते, आणि तिथं बाप पिऊन आरडाओरडा करत असतो. प्रेम आणि ते घर, दोन्ही एकाच संध्याकाळी. मराठीत हे कोणीतरी मन लावून लिहायला हवं!

पळून जाऊन लग्न करणं तर या कादंबऱ्या फार सोपं करून टाकतात. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न करायचं तर आधी ३० दिवसांची नोटीस, तीही विवाह अधिकाऱ्याच्या कार्यालयात लावलेली. कोणता मामा वाचेल, कोण घरी सांगेल, या धास्तीतच अख्खी कादंबरी आहे.

आणि २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा बायकोपुरता नाही, एकत्र राहणारी मुलगीही बापाविरुद्ध दाद मागू शकते. अशी नायिका मला वाचायची आहे. तिचा फोन तपासणारा नायक मात्र नको, बाप कितीही वाईट असला तरी.