साखर कारखान्याच्या पाण्याने विहीर नासली; हरित लवादाबाबत (पर्यावरणाचे दावे चालवणारं न्यायाधिकरण) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. लातूर जिल्हा, मांजरा काठ. शेताकडेच्या ओढ्यात कारखान्याचं मळीमिश्रित पाणी येतं आणि पाझरून विहिरीत उतरतं. मागच्या गाळप हंगामापासून विहिरीचं पाणी चहाच्या रंगाचं झालंय. मोटार चालू केली की पाटात फेस येतो, जनावरं तोंड लावत नाहीत. हरभरा तर हातचा गेला.

तहसील आणि प्रदूषण नियंत्रणवाल्यांकडे अर्ज दिलेत, पोच आहे. त्यांनी नमुना नेला. अहवाल माहिती अधिकारात मागितलाय. खासगी लॅबचा अहवाल हातात आहे. तलाठ्याच्या पंचनाम्यात पिकाचं नुकसान आहे, पण कारणाचा रकाना कोरा. खरी अडचण हीच. विहीर सातबाऱ्यावर नोंदलेली आहे. गावाचा ऊस त्याच कारखान्याला जातो, त्यामुळे साक्षीदार मिळणं अवघड.

हरित लवाद कायदा २०१० च्या कलम १५ खाली भरपाईसाठी ५ वर्षांची मुदत आहे, त्यामुळे वेळ आहे. लवादाच्या पुण्याच्या खंडपीठात कुणी असा अर्ज केलाय का? तिथं खासगी लॅबचा अहवाल चालतो, की जल कायदा १९७४ च्या कलम २१ प्रमाणे प्रदूषण नियंत्रण मंडळानं घेतलेलाच नमुना लागतो? आणि कारण लिहून फेरपंचनामा मागायचा तर अर्ज कुणाच्या नावे करायचा?