पीएचडी करताना दवाखान्याची बाजू कुठे शिकायची? (बडोदे)

रावपुऱ्याची_बायोकेम: नमस्कार मंडळी. मधुमेहात किडनी बिघडण्याआधी रक्तात काही खूण सापडते का, यावर पीएचडी करतेय. नमुने सरकारी दवाखान्यातून येतात. जांभळ्या झाकणाची ट्यूब, वर नंबर, सोबत एक्सेल. पेशंट एकही पाहिलेला नाही. गाइड म्हणतात, ओपीडीत बसून काय करणार, लॅबमध्ये ब्लॉट चालव. सिनॉप्सिसच्या पहिल्याच ओळीत मात्र ‘ट्रान्सलेशनल’ (लॅबमधलं पेशंटपर्यंत नेणारं) लिहिलंय! क्लिनिकल रिसर्चचा डिप्लोमा करू का? फी बरीच आहे.

सुरसागर७: करून टाक. इथले फार्मावाले इंटरव्ह्यूत जीसीपी (गुड क्लिनिकल प्रॅक्टिस, माणसांवरच्या संशोधनाचे नियम) विचारतातच.

दांडियाबाजारची_ताई: जीसीपीसाठी छोटा ऑनलाइन कोर्स पुरतो ग, डिप्लोम्यावर आत्ता पैसे घालू नकोस. मी पीएचडीनंतर ट्रायल कोऑर्डिनेटर झाले, आता नवी मुलं हाताखाली असतात.

तुझ्या एक्सेलात एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) कॉलम असणारच. ६.५ आणि वर ते मधुमेही, खालचे कंट्रोल (तुलनेसाठीचे, मधुमेह नसलेले), असेच गट पाडलेत ना? आता पेशंट येतात कुठून ते बघ. छोटाउदेपूर, दाहोदकडून पहाटेच्या एसटीने. त्या पट्ट्यात सिकल सेल (तांबड्या पेशी कोयत्यासारख्या वाकवणारा आनुवंशिक आजार) भरपूर. सिकलच्या आजारात तांबडी पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच मरते, तिच्यावर साखर चढायला वेळच मिळत नाही. आकडा खोटाच कमी येतो. म्हणजे मधुमेही माणूस तुझ्या कंट्रोलमध्ये जाऊन बसला. वर सिकल स्वतःही किडनी खराब करतो, लघवीतून प्रोटीन जातं, म्हणजे तुझी ‘खूण’ नक्की कशाची? उलट लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खोटा वाढू शकतो. ट्यूबवरचा नंबर यातलं काही बोलत नाही. केस पेपर हातात घेतलास की हिमोग्लोबिन ७, डोळे पिवळे, गाव छोटाउदेपूरकडचं कवांट, सगळं एका नजरेत.

दुसरं, कोणी संमती घेत असेल तेव्हा शेजारी उभी राहा. फॉर्म गुजरातीत, समोरची बाई राठवी बोलणारी, वाचता येत नाही. अशा वेळी त्रयस्थ साक्षीदार सगळं समजावून होईपर्यंत हजर लागतो. अंगठा घेतल्यावर वॉर्डबॉयला हाक मारून सही मागायची, हे चालत नाही. (चालवतात, तो भाग वेगळा.)

गाइडना पटवायचं तर सांग, अमेरिकेत हॉवर्ड ह्यूज संस्थेने ‘मेड इन्टू ग्रॅड’ म्हणून हेच केलं होतं, पीएचडीच्या मुलांना पेशंटजवळ नेणं. मेडिसिनच्या एखाद्या सरांना को-गाइड घ्या. एथिक्स कमिटीच्या (संशोधनाला परवानगी देणाऱ्या समितीच्या) कागदावर तुझं नाव आहे का तेही बघ, नाहीतर वॉर्डात कोण उभं करणार?

नाइट_ड्यूटी: मेडिसिनचा रेसिडेंट बोलतोय. सोमवारची ओपीडी टाळा, पाय ठेवायला जागा नसते. दुपारी वॉर्डात या. आणि ‘ट्यूब भरून ठेवा’ एवढाच निरोप पाठवू नका. काय शोधताय ते दोन वाक्यांत सांगितलंत तर ट्यूबवर वेळ लिहायचं आमच्याही लक्षात राहील.

दांडियाबाजारची_ताई: वेळेचं बरं काढलंत. रक्त तसंच बाहेर पडून राहिलं तर ग्लुकोज तासाला ५ ते ७ टक्के उतरतं. एका ठिकाणी ट्यूबा दुपारपर्यंत खिडकीत उन्हात पाहिल्यात मी.

रावपुऱ्याची_बायोकेम: बाप रे. कंट्रोल गट परत तपासावा लागणार. ताई, साठवलेल्या नमुन्यांवर सिकलची सॉल्युबिलिटी टेस्ट होईल का?

दांडियाबाजारची_ताई: फक्त प्लाझ्मा गोठवला असेल तर नाही, त्यात पेशीच नाहीत. बफी कोट (रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा थर) ठेवला असेल तर डीएनए काढून म्यूटेशन बघता येईल. पण आधी संमतीपत्र काढून वाच, जनुकीय तपासणी त्यात लिहिली आहे का. नसेल तर एथिक्स कमिटीला अमेंडमेंट (मंजुरीत बदलाचा अर्ज) टाक, तोवर फ्रीजर उघडू नकोस.