डॉक्टरने 'दारू सोडा' म्हणायचं की नाही? ('डॉक्टर की कीर्तनकार'ला उत्तर)

रात्रपाळी:
काल खडूसकाकांनी इथे लिहिलं की ते गुडघा दाखवायला गेले, डॉक्टरने विचारलं घेता का, हे म्हणाले थोडी, तर तो म्हणाला बंद करा. त्यावर काकांचा दीड पानी संताप, "मी गुडघ्याचे पैसे दिले होते, कीर्तनाचे नाही". खाली टाळ्यांचा पाऊस. म्हणून लिहितेय, नाहीतर ड्यूटी करून आल्यावर कोणाला हौस आहे.

काका, गुडघ्यासाठी तुम्हाला दुखणं कमी करायच्या गोळ्या दिल्या असणार. त्या गोळ्या आणि दारू दोन्ही पोटाच्या अस्तराला खातात. रात्री दोनला रक्ताची उलटी करत आलेले पेशंट मी बघते, आणि सोबतचा माणूस हमखास म्हणतो कंबर दुखत होती म्हणून गोळी घेतली फक्त. मग तेच नातेवाईक भांडतात की डॉक्टरने आधी का नाही सांगितलं. सांगितलं तर कीर्तनकार, नाही सांगितलं तर निष्काळजी, ठरवा एकदा काय ते.

आणि 'थोडी' केसपेपरवर कशी लिहायची? आमच्याकडे थोडी म्हणजे क्वार्टरपासून (१८० मिली) खंब्यापर्यंत (अख्खी बाटली) काहीही असतं. 'ऑकेजनली घेतो' सांगून ॲडमिट झालेल्या माणसाचे तिसऱ्या दिवशी हात थरथरतात, भिंतीवर मुंग्या दिसायला लागतात, तेव्हा कळतं की ऑकेजन रोज होतं.

खडूसकाका:
ताई, गुडघ्यावरून डायरेक्ट रक्ताच्या उलटीवर नेलंत. मी शनिवारी दोन बियर पितो. दारू पीत नाही. आणि विचारण्याला माझी हरकत नव्हतीच, नीट वाचा. त्याने मान वर केली नाही, किती पिता कधी पिता काही नाही, टाइप करता करता 'बंद करा', आरटीओवाला 'पीयूसी दाखवा' म्हणतो तसं. बाहेर ८०० रुपये. माझा मेहुणा वीस वर्षं एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होता, गोव्यातल्या कॉन्फरन्समध्ये डॉक्टर लोक काय कोकम सरबत पितात का ते त्याला विचारा, बिलं त्यानेच भरलीत.

वरणफळ:
मेहुण्याचं राहू दे. बियर कुठली, स्ट्राँग ना? ६५० मिलीची बाटली, ८ टक्के, म्हणजे ५२ मिली अल्कोहोल. व्हिस्कीच्या ३० मिलीच्या पेगमध्ये ४२.८ टक्क्याने १३ सुद्धा भरत नाही. म्हणजे एका बाटलीत चार पेग, दोनात आठ. क्वार्टर रिकामी करून वर एक लार्ज (६० मिली), एका बैठकीत. आणि म्हणे दारू पीत नाही.

खडूसकाका:
माइल्ड पितो.

वरणफळ:
५ टक्के धरा, तरी पाच पेग होतात.

खडूसकाका:
गणिताचे मास्तर आहात का? बरं, स्ट्राँगच असते. आमच्या इथल्या दुकानात माइल्ड थंड नसते कधी. पण मला एक सांगा, महाराष्ट्र सरकारचा दारूचा परवाना मिळतो तो कशासाठी? प्रकृती राखण्यासाठी! १९४९ चा कायदा आहे. सरकार म्हणतं तब्येतीसाठी प्या, डॉक्टर म्हणतो तब्येतीसाठी सोडा, मी कोणाचं ऐकू?

रात्रपाळी:
१९४९ चाच आधार घ्यायचा असेल तर तेव्हाचा दवाखानाही घ्या मग. दारूने कॅन्सर होतो हे १९८८ पासून अधिकृत यादीत आहे, तंबाखूच्या शेजारी. २०२३ मध्ये डब्ल्यूएचओने सांगून टाकलं की सुरक्षित असं प्रमाणच नाही.

खडूसकाका:
दिल्लीची हवा पण सुरक्षित नाही. श्वास बंद करा सांगतात का?

वर्धेवाला:
ह्या सल्ल्याबिल्ल्यानं काही होत नाही आणि बंदीनं तर त्याहून नाही. आमच्या जिल्ह्यात १९७५ पासून दारूबंदी हाये. कागदावर. पुलापलीकडे यवतमाळ जिल्हा, तिकडून बाटल्या येतात, दुप्पट भाव, आत काय हाये देवाला ठाऊक. डॉक्टरनं विचारलं 'दारू पिता का' तर माणूस काहून हो म्हणन? गुन्हा हाये ना बे तो! माझा बाप कावीळ होऊन पडला तरी डॉक्टरसमोर छातीवर हात ठेवून 'माळकरी हाय' म्हणला.

ताडोबाची_पोर:
बंदीला नावं ठेवायची फॅशनच झालीय. चंद्रपूरची बंदी फुकट नाही आली, २०१० मध्ये चिमूरहून नागपूरच्या अधिवेशनावर बाया चालत गेल्या, माझी आई होती त्यात, पायाला फोड आलेले मी बघितलेत. १ एप्रिल २०१५ ला लागली. पहिली दोन वर्षं आमच्या गल्लीत रात्री भांडणाचा आवाज नव्हता. २०२१ ला उठवली आणि पहिल्या दिवशी दुकानाला फुलांच्या माळा, टीव्हीवर पेढे. तुम्ही सांगा बंदीनं काही होत नाही.

वर्धेवाला:
ताई, दोन वर्षं म्हणता ना? तिसऱ्या वर्षी काय झालं ते पण लिहा. पोट्टे दप्तरातून बाटल्या पोचवू लागले होते.

ताडोबाची_पोर:
ते पोलिसांचं अपयश, बायांचं नाही. चोऱ्या थांबत नाहीत म्हणून चोरीचा कायदा रद्द करता का?

वर्धेवाला:
चोरी आणि पिणं एक हाये का? पिणारा स्वतःचंच नुकसान करतो.

ताडोबाची_पोर:
स्वतःचं?? माझ्या आईच्या कानाला अजून ऐकू येत नाही डाव्या. तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

वरणफळ:
चंद्रपूरचा वेगळा धागा काढा की. इथे गुडघा होता.

चिंचोका:
मला वेगळंच सांगायचंय. आमचे काका रोज क्वार्टर, कधी दीड. डॉक्टरने सांगितलं आजपासून थेंब नाही. काका जिद्दी, खरंच बंद केली, सगळ्यांनी कौतुक केलं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फिट आली आणि मोरीत पडले, डोक्याला सात टाके. रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर असं होतं हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. त्यामुळे रात्रपाळीताई, खडूसकाकांचा सूर खडूस असेल पण किती पिता हे न विचारता 'बंद करा' म्हणणं हा सल्ला नाही, जबाबदारी झटकणं आहे. पुढे काकूने जाहिरातीतली पावडर चहातून द्यायचं ठरवलं होतं, 'न सांगता दारू सोडवा'वाली, ती कशीबशी थांबवली. त्यात गुपचूप काय घालतात कोण जाणे, आणि वरून माणूस दारू प्यायला तर जिवावर बेतायचं.

रात्रपाळी:
हे मान्य. मला मान्य करायचं नव्हतं पण मान्य. रोज पिणाऱ्याला गोळ्यांच्या आधाराने, बी-वन व्हिटॅमिन देऊन, देखरेखीखाली सोडवतात. ओपीडीत दीडशे पेशंट असताना हे सगळं दोन मिनिटांत कोण सांगणार, तेवढं मात्र विचारू नका.

पेडण्याचो:
डॉक्टरनेच सांगायला हवं असं कुठेय? आमच्या गोव्यात संगाथ नावाच्या संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत जास्त पिणाऱ्या पुरुषांशी साध्या, शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांकरवी बोलणी केली, चार बैठकांपर्यंत. २०१७ ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलंय. तीन महिन्यांनी शंभरातले ३६ धोक्याच्या पिण्यातून बाहेर, नुसत्या नेहमीच्या उपचारात २६. आणि हे गोव्यात, जिथे पाहुण्याला पाण्याआधी फेणी विचारतात.

खडूसकाका:
म्हणजे शंभरात दहाचा फरक. एवढ्यासाठी चार बैठका.

चिंचोका:
त्या दहांत आमचे काका असते तर मी रांगेत उभा राहिलो असतो.

खडूसकाका:
बरं बाबा. सगळे मिळून मागे लागलात. मंगळवारी परत गुडघा दाखवायचाय. विचारलं तर सांगतो, आठ पेग, शनिवारी, एका बैठकीत. मान वर करतो का बघू.

रात्रपाळी:
गोळ्या जेवणानंतर घ्या. आणि शनिवारी नका घेऊ, गोळ्या म्हणत नाहीये मी.

वर्धेवाला:
ताडोबाच्या ताईंना माझं उत्तर बाकी हाये. कानाचं मला माहीत नव्हतं, त्याबद्दल माफ करा. पण बंदीचं सोडत नाही. जेवून येतो.