रिओहाची क्रियान्सा आणि रेसेर्वा : कुठली कशाबरोबर?

ओसरी
रविवारी आठ जणांचं स्पॅनिश जेवण करायचंय. आधी मांचेगो चीज, मग चोरिसो (मसालेदार पोर्क सॉसेज) घातलेला बटाट्याचा रिओहा (उत्तर स्पेनचा वाइनसाठी प्रसिद्ध प्रांत) पद्धतीचा रस्सा, शेवटी कोकराच्या चॉप्स. तेम्प्रानियोच्या (तिथल्या लाल द्राक्षाच्या वाइनच्या) दोन बाटल्या आहेत, एक क्रियान्सा आणि एक रेसेर्वा. कुठली कशाबरोबर द्यावी? आणि मुंबईच्या उकाड्यात रेड वाइन 'रूम टेंपरेचर'ला द्यायची म्हणजे किती?

बूचकळा
रेसेर्वा शेवटी, चॉप्सबरोबर. नावांमागे नियम आहेत. क्रियान्सा किमान २ वर्षं मुरवतात, त्यातलं १ वर्ष ओकच्या पिंपात. रेसेर्वा किमान ३ वर्षं, त्यात पिंपात किमान १ वर्ष आणि बाटलीत ६ महिने. ग्रान रेसेर्वाला एकूण ५ वर्षं लागतात. म्हणून क्रियान्सात चेरी, आलुबुखार असं ताजं फळ आणि टवटवीत आंबटपणा पुढे असतो. रेसेर्वात फळ सुकामेव्याकडे झुकतं, सोबत चामडं, तंबाखू आणि मसाल्याचा वास येतो. रिओहात परंपरेने अमेरिकन ओक वापरतात, व्हॅनिला आणि खोबऱ्याची झाक तिथून येते. फ्रेंच ओक असेल तर लवंगेसारखा वास जास्त.

रश्श्याला क्रियान्साच. चोरिसोची चरबी आणि पिमेंतोनचा (स्पॅनिश मिरचीपुडीचा) गोडसर धूर यांना तिचा आंबटपणा कापतो. त्या रश्श्यात रेसेर्वाचे बारीक वास दबून जातील.

तापमान १६ ते १८ अंश. 'रूम टेंपरेचर' म्हणजे तिकडच्या थंड दगडी घरांचं. ३० अंशांच्या वाइनमध्ये अल्कोहोल नाकात चढतो आणि फळ बेचव लागतं. फ्रिजमध्ये साधारण दीड तास, किंवा बर्फ-पाण्याच्या बादलीत दहा-पंधरा मिनिटं.

सारमिएन्तो
सगळं पटलं, पण पदार्थही नीट जमायला हवेत. बटाटे सुरीने सरळ कापू नका. सुरी अर्धी रोवून फिरवा आणि तुकडा मोडून काढा. मोडलेल्या खडबडीत कडेतून स्टार्च सुटतो, रस्सा त्यानेच दाटतो. १ किलो बटाट्याला २०० ग्रॅम चोरिसो पुरे. पिमेंतोन गोड घ्या, तिखट नको, आणि गॅस बारीक करूनच घाला, जळला की रस्सा कडू होतो.

चॉप्स रिओहात द्राक्षवेलीच्या छाटणीच्या काड्यांच्या निखाऱ्यावर भाजतात. त्या नसतील तर कोळसा. वर फक्त जाडं मीठ. पुदिन्याची चटणी किंवा व्हिनेगर लावलंत तर रेसेर्वा पातळ वाटेल.

ओसरी
फारच उपयोगी. एकांना तांबडा रस्साही हवाय. चालेल?

बूचकळा
या वाइनबरोबर नको. मिरचीची जळजळ आणि १३.५-१४ टक्के अल्कोहोल एकमेकांना वाढवतात, टॅनिनचा तुरटपणाही बोचायला लागतो. करायचाच असेल तर वेगळ्या दिवशी. तसंच आर्टिचोक (कळीसारखी दिसणारी विलायती भाजी) आणि शतावरी (अ‍ॅस्परॅगसची भाजी) टाळा. आर्टिचोकनंतर वाइन उगाच गोड लागते, शतावरीनंतर धातूसारखी.

सारमिएन्तो
मांचेगोबद्दल राहिलं. चार-सहा महिने मुरलेला असेल तर क्रियान्साबरोबर द्या. वर्षभराचा कडक, खारट तुकडा मात्र रेसेर्वासाठी ठेवा. चीज तासभर आधी बाहेर काढा, गारठलेल्या चीजला वासच नसतो.

रेसेर्वा आदल्या दिवसापासून उभी ठेवा, गाळ तळाशी बसेल. अर्धा तास आधी उघडा आणि हळू ओता, शेवटचे दोन घोट बाटलीतच राहू द्या. ७५० मिलीतून आठ जणांना जेमतेम ९० मिली येते, म्हणून क्रियान्साची आणखी एक बाटली आणा.