नऊ वर्षांची चाळीची छायाचित्रे: काम पूर्ण झाले हे कसे ओळखावे?

प्रश्न: नायगावची

नमस्कार. मी फोर्टमधल्या एका विमा कचेरीत नोकरी करते. माझा जन्म मुंबईतल्या नायगावच्या बीडीडी चाळीतला (ब्रिटिश काळात सरकारने बांधलेल्या चाळींपैकी एक). पुनर्विकासाची बोलणी खरी वाटू लागली तेव्हापासून, म्हणजे गेली नऊ वर्षे, शनिवार-रविवारी मी आमच्या आणि शेजारच्या चाळींची छायाचित्रे काढत आले आहे. 160 चौरस फुटांच्या खोलीत सहा-सात माणसे निजतात कशी, पोटमाळ्यावर कोणत्या वस्तू वर्षानुवर्षे पडून असतात, दोन्ही बाजूंच्या खोल्यांमधून जाणाऱ्या बोळात टोकाकडून येणारा उजेड कोणत्या दारापर्यंत पोहोचतो, हे सारे मला माहीत होते. पण माहीत असणे आणि दिसणे यांतला फरक मला कॅमेऱ्याने शिकवला.

आज माझ्याकडे चार हजारांवर छायाचित्रे आहेत आणि मी अडले आहे. हे काम संपले असे कधी म्हणायचे? नोकरी सोडून पूर्ण वेळ दिल्याशिवाय अशा कामाला आकार येत नाही, असे एका परिचितांनी सांगितले, ते खरे आहे का? शिवाय पुनर्विकासाशी संबंधित एका संस्थेने स्मरणिकेसाठी ही छायाचित्रे मानधन देऊन मागितली आहेत. होय म्हणावे की नाही, तेही ठरत नाही. मुंबईत काम करणाऱ्या चित्रकारांच्या आणि छायाचित्रकारांच्या अनुभवाच्या आधारे कोणी सांगू शकले तर मी ऋणी राहीन.

प्रतिसाद 1: शिसपेन्सिल

ताई, मी चित्रकलेचा निवृत्त शिक्षक आहे. नोकरीचा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचे उत्तर आपल्याच शहरात आहे. चित्रकार सुधीर पटवर्धन यांचा जन्म 1949 चा, पुण्याचा. वैद्यकीचे शिक्षण घेऊन ते 1973 मध्ये मुंबईत आले आणि 2005 पर्यंत ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत राहिले. इराणी हॉटेलातला एकटा माणूस, लोकलच्या डब्यातली माणसे, लोअर परळचे बदलते रूप, ही त्यांची चित्रे 1977 ते 2001 या काळातली आहेत, म्हणजे सारी डॉक्टरकी चालू असतानाची. गिव्ह पटेल हेही डॉक्टर होते, कवी होते आणि चित्रकारही होते.

2019 च्या अखेरीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या मुंबई शाखेत पटवर्धनांचे पूर्वलक्षी, म्हणजे आजवरच्या कामाचा आढावा घेणारे, प्रदर्शन भरले होते. तेथे एकेका मजल्यावर थांबत चढताना मला सतत जाणवत होते की या चित्रांतल्या शरीरांना वजन आहे. खांदे कशाने वाकले आहेत हे चित्रकाराला ठाऊक आहे. रोज तपासणीसाठी येणारी माणसे पाहिल्यावाचून ही नजर त्यांना लाभली असती, असे मला वाटत नाही. आपली नोकरी आपल्या कामाच्या आड येते की त्याला काही पुरवते, हे आपणच तपासून पाहा. नायगावहून फोर्टला रोज जाणारी व्यक्ती आणि चाळीत जन्मलेली व्यक्ती एकच आहे, ही गोष्ट बाहेरून आलेल्या छायाचित्रकाराकडे नसते.

प्रतिसाद 2: कोळसा आणि कागद

वरील प्रतिसादाबद्दल आदर बाळगून थोडा मतभेद नोंदवते. डॉक्टरचा स्वतःचा व्यवसाय आणि साडेनऊला कचेरीत हजर राहावे लागणारी नोकरी या दोन्हींत वेळेवरचा ताबा सारखा नसतो. पटवर्धनांनीही 2005 नंतर पूर्ण वेळ चित्रकलेलाच दिला, हे विसरू नये. मी जे.जे. कला महाविद्यालयातून बाहेर पडल्यावर चार वर्षे एका जाहिरात कंपनीत होते आणि त्या चार वर्षांत माझ्या हातून एकही धड चित्र झाले नाही. दोष कामाचा होता असे मी म्हणत नाही. दिवसभर ज्या डोळ्यांनी दुसऱ्यांच्या वस्तू सजवायच्या, तेच डोळे संध्याकाळी माझ्या कामासाठी उरत नसत.

छायाचित्रकारांपैकी सुधारक ओलवे यांचे उदाहरण मला अधिक जवळचे वाटते. वृत्तपत्रांसाठी छायाचित्रे काढता काढता त्यांनी महानगरपालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले, त्यांच्या वस्त्यांत आणि घरांत जाऊन. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तिथे नोकरीने हातात कॅमेरा दिला होता, आणि नोकरीला जे नको होते ते त्यांनी स्वतःसाठी जमवले.

तरीही आपण नोकरी सोडावी असे मला वाटत नाही. छायाचित्रे काढणे आणि त्यांतून निवड करणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिले आपण शनिवार-रविवारी नऊ वर्षे केले. दुसरे तसे तुकड्यातुकड्यांत होत नाही. त्यासाठी महिना-दीड महिन्याची रजा घ्या. संगणकाच्या पडद्यावर निवड करू नका. प्रयोगशाळेतून स्वस्तातल्या, पोस्टकार्डाएवढ्या तीनशे प्रती काढून आणा आणि जमिनीवर मांडा. ज्या दोन छायाचित्रांत एकच गोष्ट सांगितलेली असेल, त्यांतले एक उचलून बाजूला काढा, मग ते कितीही देखणे असो. उरलेली भिंतीवर चिकटवून काही दिवस त्यांच्यासोबत जेवाखा. ज्यांच्याकडे पाहणे थांबते ती आपोआप गळतात. माझ्या एका स्नेह्याने असेच बत्तीसवर आणले होते. त्या बत्तिसांत काय नाही, हे त्याला त्यानंतरच कळले, आणि ते टिपायला तो पुन्हा वस्तीत गेला. कदाचित आपलेही तसेच होईल. काम संपले की नाही, हे चार हजारांच्या ढिगाकडे पाहून कळणार नाही.

प्रतिसाद 3: दावा-अर्ज

स्मरणिकेबाबत लिहितो. मी वकिली करतो आणि कलावंतांचे करार पाहण्याची वेळ माझ्यावर अनेकदा येते.

1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार आपण स्वतःहून काढलेल्या छायाचित्रांच्या पहिल्या मालक आपणच आहात, आणि हा हक्क आपल्या हयातीत व त्यानंतर 60 वर्षे टिकतो. परंतु कलम 17 मधील एक तरतूद फार महत्त्वाची आहे. कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले, आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर पहिला मालक काढवून घेणारा ठरतो. म्हणून संस्था जर म्हणाली की 'जुनी द्याच, शिवाय काही नवी काढून द्या', तर जुन्या आणि नव्या छायाचित्रांची कागदोपत्री स्पष्ट विभागणी करून घ्या, आणि नव्यांचा हक्क आपल्याकडेच राहील असे लेखी लिहून घ्या.

जुन्या छायाचित्रांसाठी हक्क हस्तांतरित करू नका. केवळ त्या एका स्मरणिकेत, अमुक प्रतींपुरते छापण्याची परवानगी द्या. हस्तांतरण करायचेच झाले तर ते लेखी आणि सहीनिशी असावे लागते. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. आपल्याकडे मानधनाचा धनादेश घेताना मागच्या कागदावर 'सर्व हक्कांसह' असे दोन शब्द असतात आणि ते कोणी वाचत नाही. ते वाचा. आणि कलम 57 प्रमाणे छायाचित्राखाली आपले नाव यावे, तसेच आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी त्याची मोडतोड होऊ नये, हा हक्क कॉपीराइट दिल्यानंतरही आपल्याकडेच राहतो.

नायगावची

तिघांचेही मनापासून आभार. रजेचा अर्ज मी उद्याच देणार आहे. एक गोष्ट मात्र लिहायची राहिली होती, आणि बहुधा माझे अडणे तिच्यामुळेच असावे. माझ्या सर्वांत चांगल्या छायाचित्रांपैकी एकात आमच्या मजल्यावरच्या एक आजी पहाटे सामाईक नळाशी, उघड्या केसांनी, पाणी भरत बसल्या आहेत. त्यांनी मला छायाचित्र काढू दिले होते. पण ते अनोळखी माणसांना दाखवायला मी त्यांना कधीच विचारले नाही. आता त्यांचे कुटुंब संक्रमण शिबिरात, म्हणजे पुनर्विकास होईपर्यंतच्या तात्पुरत्या घरात, आहे.

प्रतिसाद 4: शिसपेन्सिल

मग आधी ते विचारा. छायाचित्रकार दयानिता सिंग यांनी दिल्लीतल्या तृतीयपंथी मोना अहमद यांना अनेक वर्षे छायाचित्रित केले, आणि 2001 मध्ये पुस्तक आले तेव्हा त्यातला मजकूर मोनांनी स्वतः, प्रकाशकाला लिहिलेल्या ईमेलच्या रूपाने, लिहिलेला होता. ज्यांचे जगणे दिसते त्यांचा शब्दही तेथे आहे. प्रत हातात घेऊन शिबिरात जा, आणि आजींना केवळ 'चालेल का' असे विचारू नका, 'यात काय दिसते' असेही विचारा.

नायगावची

काल जाऊन आले. बारा प्रती नेल्या होत्या. नळावरची प्रत आजींनी बराच वेळ पाहिली आणि बाजूला ठेवली. मग त्यांनी मी निवडीत कधीच न धरलेली एक प्रत उचलली. त्यात त्या स्वतः नाहीत, फक्त त्यांच्या दाराबाहेरचा बोळ आहे आणि खाली ओळीने लावलेल्या चपला. "या सगळ्या आमच्याच दारातल्या," असे म्हणून त्यांनी बोट ठेवून एकेकीचे नाव सांगितले. एकूण अकरा जोड. नळावरची प्रत लोकांना दाखवू नकोस, असे त्या म्हणाल्या. ही दाखव. ती अकरा नावे मी प्रतीच्या मागे लिहून घेतली आहेत.