अलिबाग एका दिवसात उरकत नाही
अलिबागच्या सहलीबद्दल एकांनी लिहिलंय की मुंबईहून सकाळच्या लाँचने जाऊन संध्याकाळी परत, एवढंच. मला हे पटत नाही, आणि कारण ओहोटीचं आहे. तिथल्या समुद्रातल्या कुलाबा किल्ल्यावर ओहोटीलाच चालत जाता येतं, त्यासाठी कालनिर्णयात तिथी बघा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे भरतीची साधारण वेळ, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला दुपारी बाराला ओहोटी येते, पण तेव्हा भांग असतो, म्हणजे भरती-ओहोटी कमी जोराची असते, पाणी पुरतं हटत नाही. तृतीयेच्या सुमारास मात्र सकाळी आठ-सव्वाआठला पाणी लांबवर गेलेलं असतं. ती वेळ गाठायची तर आदल्या रात्री मुक्काम हवाच. किल्ल्याच्या चारी बाजूंनी समुद्र आणि आत गोड्या पाण्याचा साठा, हे एकदा तरी बघाच. किल्ल्यातलं गणपतीचं देऊळ राघोजी आंग्र्यांनी बांधलेलं.

मग दुपारी अलिबागजवळच्याच कार्ले-खंडाळे या गावांकडे वळा (लोणावळ्याकडचं कार्ला-खंडाळा नव्हे). भात निघाल्यावर त्याच शेतांत पांढरा कांदा लावतात. फेब्रुवारी-मार्चनंतर रस्त्याकडेला पातीची वेणी घालून विणलेल्या माळा टांगलेल्या दिसतात. चवीला इतका गोडसर की नुसता भाकरीबरोबर खावा. माळ शेतकऱ्याकडूनच घ्या आणि घरी वाऱ्याला टांगून ठेवा.